हेल्मेट मी घालते, पण सक्ती नको म्हणते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. परळहून फोर्टला मी रोज सायकलने ऑफिसला जाते. डोक्यावर हेल्मेट असतं, आणि तरीही सायकलवाल्यांवर हेल्मेटसक्तीचा कायदा नको म्हणते. लिफ्टमध्ये, टपरीवर, भावाच्या घरी जेवताना एकच प्रश्न येतो, ‘अगं, तुझाच जीव हेल्मेटने वाचला ना? मग?’

वाचला, खरंच. दोन वर्षांपूर्वी जुलैत भायखळ्याला साचलेल्या पाण्याखाली एक पेव्हर ब्लॉक खचलेला होता. पुढचं चाक त्यात अडकलं, मी डावीकडे फेकले गेले आणि कानशिलाच्या वर फूटपाथची कड लागली. खांद्याचं हाड मोडलं. घरी येऊन हेल्मेट बघितलं तर बाहेरून जेमतेम खरचटलेलं, आतला थर्माकोल मात्र आरपार चिरलेला. तो चिरडतो म्हणून तर डोकं वाचतं. आदळण्याचा जोर त्यात जिरतो, कवटीपर्यंत कमी पोचतो. एकदा चिरडलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं, म्हणून हात गळ्यात बांधलेला असतानाच मी नवं मागवलं. हेल्मेटचं कुणी मला पटवून द्यायला नको.

पण ते कशासाठी बनलंय, हेही कळायला हवं. युरोपातल्या मानकाप्रमाणे सायकलचं हेल्मेट सपाट पृष्ठभागावर ताशी साधारण साडेएकोणीस किलोमीटर वेगाने आपटून तपासतात. सायकलवरून पडलात तर ते उपयोगी. मागून डंपर आला तर त्याचा भरवसा मी धरत नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मोटरसायकलवाल्यांना हेल्मेटची सक्ती करतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या कायद्यात त्याला हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स रद्द अशी शिक्षा आहे. सायकल मोटार वाहनच नाही, म्हणून ती बाहेर राहिली. लोक म्हणतात, तोच नियम सायकललाही लावा.

लावला, तर पकडलं कोण जाईल? रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हवर महागड्या सायकली येतात, त्यांच्या डोक्यावर हेल्मेट असतंच. सोमवारी सकाळी माझ्यासोबत रस्त्यावर असतात ते वेगळे. हँडलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या आणि मागे टोपलीभर पाव घेतलेला पाववाला, पेपरवाला, रात्रपाळी संपवून घरी निघालेला वॉचमन, कॅरिअरला चहाची किटली बांधलेला पोरगा. थोड्या वेळाने चर्चगेटपाशी गांधी टोपी घातलेले डबेवाले, दर चौथ्या इमारतीशी सायकल लावून जिने चढणारे. हजार रुपये म्हणजे यांची एक-दोन दिवसांची कमाई. सिग्नलला पावतीपुस्तक यांच्यासमोरच उघडेल.

ही नुसती माझी भीती नाही. अमेरिकेत सिएटलला असा नियम होता. तिथे दंडाच्या पावत्यांचा हिशेब मांडला तेव्हा मोठा वाटा बेघर माणसांच्या नावावर निघाला, आणि २०२२मध्ये नियम मागे घेतला गेला. मेक्सिको सिटीने तर २०१०मध्ये, भाड्याच्या सायकलींची योजना सुरू करताना, सक्ती काढून टाकली. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने १९९०मध्ये जगात पहिल्यांदा सक्ती केली. डोक्याच्या दुखापती कमी झाल्या, हे मी मान्य करते. पण मेलबर्नच्या मोजणीत सायकल चालवणारी मुलंही लक्षणीय घटली. सायकली कमी झाल्या की उरलेल्या सायकलवाल्याकडे गाडीवाल्यांचं लक्षच जात नाही, हे मी रोज अनुभवते.

नेदरलँड्समध्ये हेल्मेट फार थोडे घालतात, कारण तिथे सायकलला वेगळी जागा आहे. आपल्याकडे बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, सायकल ट्रॅक झाला, तर त्यावर गाड्या उभ्या राहिल्या. सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे, कोस्टल रोड, सगळीकडे सायकलला बंदी. माझ्या वाट्याला उरतो तो जे.जे. उड्डाणपुलाखालचा मोहम्मद अली रोड. डावीकडे टेम्पो उभे, उजवीकडून बस घासून जाते. या रस्त्यावर चालवणाऱ्यालाच वर दंड करायचा, हे मला अन्यायाचं वाटतं. आधी रस्त्याची कड मोकळी करा, ब्लॉक समपातळीत बसवा, रात्री डंपरचा वेग आवरा.

मुलांच्या बाबतीत माझं मन डळमळतं. भाचीला हेल्मेटशिवाय मी सोसायटीच्या गेटबाहेर पाठवत नाही. शाळांनी सायकलवर येणाऱ्या मुलांसाठी आग्रह धरला तर मी त्यांच्या बाजूने उभी राहीन. तिथे शिक्षक समजावून सांगू शकतो, पोलिसाची गरज नाही.

आमच्या गल्लीतल्या पाववाल्याने माझं चिरलेलं हेल्मेट मागितलं होतं. ते का देत नाही हे त्याला सांगितलं, आतली चीर दाखवली आणि पुढच्या महिन्यात नवं आणून दिलं. इमारतीत शिरताना तो ते हँडलला अडकवतो. खाली आल्यावर कधी घालतो, कधी विसरतो. विसरला की वरून मी हाक मारते. तो हात वर करतो, थांबतो, पट्टा लावतो आणि पुढच्या गल्लीत वळतो.