उसनी पत

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीत पोळी-भाजीचे डबे देणाऱ्या एका ताईंसाठी मी पतसंस्थेत जामीनदार म्हणून सही केली. मोठी शेगडी आणि कणीक मळण्याचे यंत्र घेण्यासाठी त्यांना चाळीस हजार रुपये हवे होते. हप्ता फेडण्याइतकी त्यांची कमाई आहे, पण ती कोणत्याही कागदावर दिसत नाही. सही करताना, माझे आजोबा गिरणीत असताना लालबागच्या ज्या खानावळीत वर्षानुवर्षे जेवले, त्या खानावळीविषयी घरात ऐकलेले सारे आठवत राहिले.

कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार बहुधा मुंबईत एकटा राही. गावकरी मंडळाच्या खोलीत त्याला पाठ टेकण्यापुरती जागा मिळे आणि दोन वेळच्या जेवणाची सोय शेजारच्या चाळीतली एखादी बाई करी. तिच्या नवऱ्याची नोकरी सुटलेली असे, तो आजारी असे किंवा हयात नसे. कामगार पैसे देणार पगार झाल्यावर, चूल मात्र रोज पेटवायची. म्हणून ती महिनाभर वाण्याकडून उधारीवर शिधा उचली, आणि उधारीच्या मालाला वाणी चढा भाव लावी. पहाटेपासून रात्रपाळीच्या डब्यापर्यंत राबणाऱ्या त्या बाईच्या हाती महिनाअखेर जवळजवळ काही उरत नसे. तिच्या कष्टात काहीच उणे नव्हते. तिला बाजारात पत नव्हती.

ही गोष्ट प्रेमाताई पुरव यांनी नेमकी ओळखली. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या आणि कामगार चळवळीत वावरलेल्या प्रेमाताईंनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ मध्येच झाले होते, दुर्बल घटकांना ४ टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजनाही १९७२ पासून होती. तरीही तारण नसलेली, सही करताना हात थरथरणारी खानावळवाली बँकेची पायरी चढत नव्हती. प्रेमाताईंनी १४ जणींपासून सुरुवात केली, त्यांना बँकेपर्यंत नेले, आणि एकीच्या कर्जाची हमी तिच्या गटातल्या बाकीच्या जणींनी घ्यायची अशी रीत घालून दिली.

वस्तीतल्या परोपकाराचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे रूप हेच आहे. देणगी नाकारण्याचे कारण नाही, आजारपणात आणि मुलांच्या शिक्षणात तिची गरज पडतेच. परंतु देणगी घेणारा घेणाराच राहतो, आणि ज्याच्यासाठी कोणी जामीन राहिले तो मात्र व्यवहारात बरोबरीने उभा राहतो. गिरगावात १९५९ साली सात जणींनी चाळीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले, तेव्हा छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकाने त्यांना दिलेले ८० रुपयेही कर्जाऊच होते. पुढे ‘लिज्जत’ म्हणून वाढलेल्या त्या संस्थेने कर्ज फेडले, देणगी न घेण्याचे धोरण ठेवले, आणि लाटणारी प्रत्येक बहीण तिथे मालकीण झाली.

अर्थात, पत मिळाली म्हणून सगळे सुरळीत झाले असे नाही. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या कधी चालल्या नाहीत, आणि जेवणारेच गावी परतले तिथे खानावळवालीने कोणाला वाढायचे? सबंध वस्तीचा रोजगार जातो तेव्हा एकमेकींची हमी पुरी पडत नाही. तिथे सरकारने आणि गिरणीमालकांनी जबाबदारी घ्यायला हवी होती, आणि ती घेतली गेली नाही, ही खंत मला आजही आहे.

प्रेमाताईंची मुलगी मेधा पुरव-सामंत यांनी बँकेतली नोकरी सोडून १९९३ साली पुण्यात अन्नपूर्णा परिवार सुरू केला. त्या कामात गटकर्जाच्या जोडीला पाळणाघरे आहेत आणि सभासदांच्या वर्गणीतून चालणारा आजारपणाचा निधीही आहे. कर्ज घेऊन उभी केलेली भाजीची गाडी मूल आजारी पडले की बंद राहते, आणि हप्ता चुकण्याची सुरुवात बहुतेक तिथूनच होते, हे वस्तीत वावरणाऱ्यालाच कळते.

आमच्या ताईंचे कर्ज मागच्या आठवड्यात मंजूर झाले. जामीनपत्रावर माझ्या सहीखाली दुसरी सही आहे ती कोपऱ्यावरच्या वाण्याची. गेली सहा वर्षे त्या त्याच्याकडूनच पीठ-तेल घेतात, आणि तो स्वतःहून आला होता.