म्हसरूळ ते भायखळा : डॉ. मोरहेड यांच्या कॉलेजात

राज्यातल्या वैद्यकीय पदव्या १९९८ पासून आमच्या नाशिकच्या म्हसरूळमधून, आरोग्य विज्ञान विद्यापीठातून निघतात. संलग्न कॉलेजांत सर्वांत जुनं मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज. नाशिकहून एका दिवसात पाहून होतं. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस, दादरला उतरून स्लो लोकलने भायखळा, पुढे टॅक्सी. बुधवारी जाऊ नका, भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बघण्यासारखं आहे आणि ते त्या दिवशी बंद असतं.

ग्रँट कॉलेज ज्या आवारात आहे त्या जे. जे. रुग्णालयाच्या आवारात शिरलं की ओपीडीच्या रांगा आधी दिसतात, कॉलेज नंतर. माझ्या मते हाच क्रम कॉलेजचे पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड यांना हवा होता.

त्यांच्याआधी, १८२६ मध्ये, डॉ. मॅक्लेनन यांनी मुंबईत वैद्यकशाळा काढली होती. इंग्रजी ग्रंथ मराठी-गुजरातीत उतरवून ते शिकवत. १८३२ मध्ये सरकारने ती बंद केली. नव्या कॉलेजात शिक्षण इंग्रजीतून झालं आणि मराठीतून वैद्यक शिकवण्याचा तो धागा तुटला, याची हळहळ मला आजही वाटते.

मोरहेड मूळचे एडिंबरोचे. पॅरिसला लुई या फ्रेंच डॉक्टरांच्या हाताखाली शिकलेले. रोज खाटेपाशी लक्षणं टिपायची, रोगी दगावला तर शवविच्छेदनात दिसलेलं त्या टिपणांशी ताडून पाहायचं, आणि एकेका रोग्यावरून नव्हे तर अनेकांच्या मोजणीवरून निष्कर्ष काढायचा, ही लुई यांची शिस्त. त्यासाठी कॉलेजच्या दाराशी रुग्णालय हवंच. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट १८३८ मध्ये दापोडीला वारले, त्यांच्या स्मारकाच्या वर्गणीतून कॉलेज उभं राहिलं. जमशेटजी जीजीभाई यांनी रुग्णालयासाठी मोठी देणगी दिली. दोन्ही १८४५ मध्ये, एकाच आवारात सुरू झाली. मोरहेड कॉलेजचे पहिले प्राचार्य आणि रुग्णालयाचेही पहिले फिजिशियन. वर्गात सांगितलेलं वॉर्डात दाखवायला मधे दुसरा साहेब नव्हता, आणि सगळी मेख इथेच आहे.

१८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. तीत प्रार्थना समाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग होते, भाऊ दाजीही. भाऊंनी पुढे महारोगावर कडू कवठाच्या तेलाचे प्रयोग केले. औषध इथल्याच मातीतलं, तपासायची रीत वॉर्डातली. त्यांच्या नावाचं संग्रहालय राणीच्या बागेला लागूनच आहे, जे. जे. नंतर तिकडे वळा.