वडलांचा कॉर्नेट

दिवाळी संपली की तुळशीचं लग्न लागेपर्यंतचे दहा-बारा दिवस आमच्या पितळी वाद्यांच्या दुकानात मान वर करायला फुरसत नसते. लग्नसराई तोंडावर आलेली असते आणि गणपतीत वाजवलेली वाद्यं बँडवाले तेव्हाच आणून टाकतात, विसर्जनापासून तशीच पडलेली. बाहेरच्या माणसाला वाटतं पितळेला काय होणार, फार तर पोचा येईल. पोचे काढणं सोपं असतं हो. खरा त्रास गुलालाचा. मिरवणुकीतला गुलाल बोटांना लागून पिस्टनवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या बोटाने दाबायच्या दट्ट्यावर, जातो, तिथे तेल असतंच, दोन्हीचं मिळून लुकण होतं आणि मग पिस्टन खाली गेला की वर येत नाही. त्यात एखाद्याने खोबरेल लावलेलं असतं, ते थंडीत गोठतं. किती वर्षं सांगतोय की शिलाई मशीनचं तेल लावा पण खोबरेल नको.

तर अशा गर्दीत मागच्या वर्षी एक काका आले. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, वय एकोणसाठ. बाहेर युफोनियमच्या (मांडीवर घेऊन वाजवायचा मोठा, भरदार आवाजाचा बाजा) रांगेपाशी अर्धा तास शांत उभे होते, मला वाटलं कुठल्या बँडचे मालक असतील. मग पुढे येऊन म्हणाले, शेठ, मला ट्रम्पेट शिकायचाय, पहिला कुठला घेऊ?

हा प्रश्न हल्ली मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. चाळिशी-पन्नाशीची माणसं, पोरं मोठी झालीत, आता स्वतःसाठी काहीतरी करायचंय. दहातले नऊ ट्रम्पेटच मागतात, कारण डोक्यात जुन्या हिंदी गाण्यातला कुठलातरी तुकडा बसलेला असतो (आणि तो वाजवणारा बहुतेक वेळा गोव्याचा असतो, चिक चॉकलेटसारखी माणसं होती ती, लहानपणापासून चर्चच्या शाळेत सूर वाचायला शिकलेली). मी लगेच विकत नाही. यावरून माझं शेजारच्या दुकानदारांशी जमत नाही, ते जे स्टॉकमध्ये असेल ते गळ्यात मारतात आणि तीन महिन्यांनी तोच माणूस माझ्याकडे येतो, बॉक्स जवळजवळ नवा, म्हणतो माझ्या ओठांतच दम नाही. ओठांत दम असतो. वाद्य चुकीचं दिलेलं असतं, नाहीतर पिस्टन इतका सैल असतो की हवा सगळी आतल्या आतच निसटते. घेताना एक साधी गोष्ट करावी, व्हॉल्व्ह न दाबता त्याची छोटी स्लाइड, म्हणजे वाकवलेली सरकती नळी, झटक्यात ओढायची, टप्प असा आवाज आला तर आतलं हवाबंद आहे. नाही आला तर कितीही स्वस्त मिळत असेल तरी नको.

माझी पद्धत अशी की आधी वाद्य दाखवायचंच नाही. टेबलावर फडकं टाकून तीन माउथपीस (ओठ लावायचा सुटा तुकडा) ठेवतो, ट्रम्पेटचा, युफोनियमचा आणि बेसचा, म्हणजे सगळ्यात मोठ्या, खोल आवाजाच्या बाज्याचा. ट्रम्पेटच्या माउथपीसची आतली वाटी सोळा-साडेसोळा मिलिमीटरची, युफोनियमची पंचवीसच्या आसपास, बेसची त्याहून पुष्कळ मोठी. नुसत्या माउथपीसमध्ये ओठांनी भुंग्यासारखा आवाज काढायचा. कोणाचा ओठ कुठे बसतो ते दोन मिनिटांत कळतं, याला माणसाची उंची बघून उपयोग नाही, किडकिडीत पोरगी बेसवर पहिल्या फुंकीत घुमलेली मी पाहिलीय. ट्रॉम्बोन, तो लांब सरकत्या नळीचा, मी घर बघून सांगतो. काका म्हणाले दीड खोलीत राहतो, मग त्यांना दाखवलाच नाही, स्लाइड पूर्ण बाहेर काढली की कपाटाला लागते. फ्रेंच हॉर्न तर पहिलं वाद्य म्हणून मी कोणालाच देत नाही, वरचे सूर इतके चिकटून असतात की नवख्याला आपण कुठे आहोत तेच समजत नाही.

काकांनी ट्रम्पेटचा माउथपीस लावला आणि लगेच खाली ठेवला. विचारलं तर म्हणाले दुखतंय. वरचे पुढचे दोन दात कवळीचे होते. लहान रिंगचा सगळा दाब ओठातून नेमका त्या दोन दातांवर येतो. युफोनियमचा लावला आणि सरळ, भरलेला आवाज आला, पहिल्याच वेळी. माझे कारागीर पोचे काढायचे थांबून बघायला लागले. मी म्हटलं काका, तुमचं वाद्य हे. बोटंही तीच, ट्रम्पेटला जशी तीन व्हॉल्व्ह तशीच, फक्त नळी दुप्पट लांब म्हणून सूर एक सप्तक खाली. मधला दाबला की अर्धा सूर उतरतो, पहिला दाबला की एक, तिसरा दाबला की दीड. हे हातात बसलं की पुढे काहीही घ्या.

तेव्हा ते पिशवीकडे गेले. मला आधी सांगितलंच नव्हतं. धोतराच्या जुन्या पानात गुंडाळलेला एक कॉर्नेट काढला, ट्रम्पेटसारखाच पण आखूड दिसणारा बाजा, वडलांचा. वडील लग्नाच्या बँडमध्ये होते, काका सहावीत असताना गेले, तेव्हापासून तो माळ्यावर. ट्रम्पेट म्हणत होते कारण घरात सगळे त्याला ट्रम्पेटच म्हणायचे.

आता हे वाद्य मी हातात घेतल्यावर मला बाकी दुकान दिसेनासं झालं, खरंच. चांदीचा मुलामा काळा पडलेला, पण बेलवर, म्हणजे पुढच्या पसरट तोंडावर, बूझी अँड हॉक्स, लंडन स्पष्ट. म्हणजे 1930च्या नंतरचा, कारण दोन कंपन्या एक झाल्या त्या साली. स्लाइड सगळ्या जाम. आतून लाळ साचून हिरवं झालेलं. पण पिस्टन, काय सांगू, दोन दिवस रॉकेलमध्ये ठेवून बाहेर काढले आणि पुसले, तर ओरखडा नाही. ज्याने तो वाजवला त्याने रोज पुसलाय. बँडमधल्या माणसाला लोक वरातीत नाचताना ओळखतात आणि जेवायला शेवटी बसवतात, पण त्याने वाद्य असं सांभाळलं होतं. आमची मुळं तांबट आळीतली, आजोबा हंडे-घंगाळी ठोकायचे, धातू हाताळणारा माणूस कसा होता ते आम्हाला धातूवरून कळतं.

साफ करून, डाग देऊन, मी स्वतः वाजवला आणि ट्यूनर, म्हणजे सूर मोजायचं यंत्र, लावला तर काटा बरोबर दोन सुरांच्या मधोमध. माउथपीस बदलला, तेच. कॉर्नेटचा दांडा ट्रम्पेटपेक्षा बारीक असतो, त्यामुळे माउथपीस चुकला की सूर हलतो, पण इथे ते नव्हतं. मग लक्षात आलं, हा हाय पिचचा, म्हणजे चढ्या सुराचा, आहे. इंग्लंडचे ब्रास बँड 1960च्या दशकापर्यंत साधारण 452 वर (सुराची सेकंदाला होणारी कंपनं) वाजायचे, आज आपण सगळे 440 वर. जवळजवळ अर्ध्याचा अर्धा सूर चढा. असा कॉर्नेट हार्मोनियमबरोबर वाजवला तर ऐकणारा कान धरून पळेल. मोठी स्लाइड बाहेर ओढून उतरवता येतो, पण हिशोब केला तर एकेका बाजूला दोन सेंटिमीटर ओढावी लागते, आणि याच्या स्लाइडचे पाय आखूड, इतकी ओढली की ती डुगडुगते. उपाय एकच, त्याच मापाची लांब स्लाइड नवीन करायची. जुनी कापायची नाही, ते मी कधीच करत नाही. नळी आणली, शिसं ओतून वाकवली म्हणजे सुरकुती पडत नाही, पाय घासून घासून बसवले. आठवडा गेला त्यात, ऐन सीझनमध्ये.

या काळात काका युफोनियम भाड्याने घेऊन गेले होते. घरी मांडीवर घेऊन बसायचे. रविवारी दुकानात येऊन तासभर शिकायचे. तीन महिन्यांत एका आरतीचं ध्रुवपद पूर्ण वाजवलं, माझ्याकडे येणाऱ्या तरुण पोरांना ते सहा महिन्यांत जमत नाही कारण ती पोरं फोनवर बघून शिकतात आणि श्वास पोटातून घ्यायचा हे त्यांना कोणी पाठीवर हात ठेवून सांगत नाही.

स्लाइड तयार झाली तेव्हा मी मोठ्या उत्साहाने त्यांना सगळं समजावलं. चार सेंटिमीटर नळी वाढवली, आता हा सगळ्यांबरोबर जुळेल, रविवारी येणाऱ्या मंडळींत बसून वाजवता येईल. ते ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे वडील वाजवायचे तेव्हा याचा सूर वेगळा होता?"

म्हटलं हो, चढा होता, पण तेव्हा त्यांच्या बँडमधले बहुतेक बाजे असेच असतील, एकमेकांत जुळत असतील.

"मग घरी मला तोच ऐकायचाय. मी कुठे कोणाबरोबर वाजवणारे."

मी वाद घातला. बेसूर वाद्य मी दुकानाबाहेर जाऊ देत नाही, बापाने तसंच शिकवलंय. आणि मला ठाऊक आहे, एकट्याने वाजवणारा माणूस फार दिवस टिकत नाही, चार जणांत बसला तरच टिकतो, हे मी वीस वर्षं बघतोय. त्यांचे दोन दातही आहेत, कॉर्नेट दहा मिनिटांच्या वर लावला की दुखतं, दातांच्या डॉक्टरांना विचारा म्हणून मी मागे लागलोय. खरं तर त्यांचं वाद्य युफोनियमच. पण त्या दिवशी त्यांनी जुन्या स्लाइडवर सा लावला, काळजीपूर्वक, ओठ न दाबता, मी शिकवला तसा, आणि तो चढा सूर दुकानात भरला तेव्हा मला त्यात काहीही बेसूर वाटलं नाही. ट्यूनर बंद होता.

तेव्हापासून मी हेच घोळवतोय. बेसूर म्हणजे कशाशी बेसूर? पण उद्या त्यांना चार लोकांत बसावंसं वाटलं तर? मी विचारायला गेलो की ते हसून म्हणतात, शेठ, तुम्हाला योग्य वाटेल ते करा, आणि ते मला जास्त जड जातं.

रविवारी न्यायला येणारेत. जुनी स्लाइड आत्ता कॉर्नेटमध्ये आहे, नवी फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवलीय, दोन्हींना ग्रीस लावून झालंय.