उपासाच्या आदल्या दिवशीचं तळण

तळणाला निमित्त लागतं. आपल्याकडे आषाढात पाऊस कोसळत असताना कापण्या होतात, तिखटमिठाच्या पुऱ्या होतात. श्रावण दारात उभा असतो, त्याआधी जिभेचे लाड पुरवून घ्यायचे. आखाड तळणं म्हणतात ते हेच. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर असा आखाड कार्निव्हलच्या दिवसांत येतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागतो. पूर्वी त्यात मांसाबरोबर चरबी, अंडी, लोणीही वर्ज्य असायचं. मग घरातलं हे सगळं संपवायचं कसं? पिठात घालायचं आणि तळायचं. त्याचा मालासादा होतो.

मैदा, अंडी, दूध, लोणी, यीस्ट आणि किसलेली लिंबाची साल. पीठ हाताला चिकटेल इतकं सैल मळून फुगायला ठेवतात. अझोर्समधल्या साव मिगेल बेटावरच्या बायका गोळा बोटांनी असा ताणतात की मधे पापुद्र्यासारखा पातळ आणि कडेला जाड. तळल्यावर मधला भाग कुरकुरीत, कड लुसलुशीत. गरम असतानाच साखरेत घोळवायचा. पोर्तुगालच्याच मदेरा बेटावर मात्र साखरेऐवजी वरून काकवी ओततात. तिथे पंधराव्या शतकापासून ऊस आहे, तेव्हा काकवीला तोटा नाही. मला विचाराल तर माझं मत काकवीला.

पोर्तुगालच्या मुख्य भूमीवर मुहूर्त नाताळचा आणि पदार्थ फिल्योश. कुठे पिठात लाल भोपळा, कुठे संत्र्याचा रस, बहुतेक ठिकाणी घोटभर कडक दारू. बैरा प्रांतात तर खुर्चीत बसून गुडघ्यावर स्वच्छ फडकं पसरतात आणि गोळा त्यावर ताणतात. पोळपाट नको, लाटणं नको. संधिवात असलेल्या सासूबाईंनी काय करायचं, कोण जाणे.

समुद्रकिनाऱ्यावर उन्हाळ्यात आरोळ्या देत विकतात तो बोला द बर्लिन, मूळचा जॅम भरलेला जर्मन डोनट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीतून निसटून आलेल्या ज्यू लोकांनी तो आणला, असं सांगतात. पोर्तुगीजांनी त्यातला जॅम काढला आणि पोट चिरून अंड्याच्या बलकाचं पिवळंधमक क्रीम भरलं. त्याला ना सण लागतो ना उपास, पोहून आल्यावरची भूक पुरते.

मालासादाचाही उपास असाच सुटला, पण फार लांब जाऊन. १८७८ पासून मदेरा आणि अझोर्सची माणसं उसाच्या मळ्यांत राबायला हवाईला गेली. सोबत नेलेल्या छोट्या तंतुवाद्यातून पुढे उकुलेले घडलं, आणि शेजारच्या जपानी, फिलिपिनो मजुरांनाही मालासादाची चटक लागली. होनोलुलूत १९५२ साली लिओनार्ड्स बेकरी निघाली. मालकाच्या आईने सुचवलं, राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी मालासादा करून बघ. आता तिथे ते रोज तळतात, आत नारळाचं किंवा लिलिकोई फळाचं क्रीम भरून. उपास पाळणारे किती उरले असतील, कढई मात्र उतरत नाही. क्रीम भरायची गरज नव्हती, हे मी तरीही म्हणणार.

वसईवर पोर्तुगीज १५३४ ते १७३९ होते. तिथल्या आणि मुंबईतल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मराठी कॅथलिक घरांत लग्नाला फुगे करतात: मैदा, अंडी, नारळाचं दूध, आंबवलेलं पीठ मुठीतून पिळून तेलात सोडायचं, की टम्म गोळे. दिसायला अगदी चुलतभाऊ, पण वर साखर नाही. ते डुकराच्या इंद्यालाच्या लालभडक रश्शात बुडवून खातात, आणि दोनवर कोणी थांबलेलं मी पाहिलेलं नाही.