संपादकांना केलेला फोन आणि सरकारदरबारची नोंद

जनसंपर्काच्या व्यवसायात वीस वर्षे काढल्यानंतरही न्यूयॉर्क राज्यातील एक निर्णय माझ्या मनातून जात नाही. तेथील सार्वजनिक नीतिमत्तेच्या संयुक्त आयोगाने जानेवारी २०१६ मध्ये असे मत दिले की, अशिलाची भूमिका अग्रलेखातून मांडली जावी या हेतूने जनसंपर्क सल्लागार स्वतःहून वृत्तपत्राशी बोलला, तर तेही लॉबिंग, म्हणजे सरकारी निर्णयांवर प्रभाव टाकण्याचा प्रयत्न, ठरू शकते. वर्षाला ५,००० डॉलरची मर्यादा ओलांडली की नोंदणी करणे, अशील कोण आणि मोबदला किती हे सरकारला कळवणे, हे मग ओघानेच आले. तुम्ही लोकप्रतिनिधीला थेट भेटलात काय किंवा वृत्तपत्राकरवी निरोप धाडलात काय, निरोप तुमचाच, असा आयोगाचा युक्तिवाद होता.

मला तो पटला नाही, कारण संपादक हा कोणाचा निरोप्या नसतो. काही वर्षांपूर्वी नदीपात्रातील भरावाविरुद्ध लढणाऱ्या एका लहान संस्थेची फाईल घेऊन मी एका दैनिकाच्या सहसंपादकांसमोर बसलो होतो. त्यांनी टेबलावरचे चहाचे कप बाजूला सारून नकाशा पसरला, पूररेषेवर पेन्सिल ठेवली आणि आमच्याच आकडेवारीवर तासभर उलटतपासणी घेतली. दोन दिवसांनी आलेल्या अग्रलेखात आमची निम्मी मागणी उचलून धरली होती आणि उरलेल्या निम्मीवर स्पष्ट टीका होती. त्या संस्थेला मंत्रालयात कोणी उभे करत नव्हते. वृत्तपत्राचा दरवाजा तेवढा उघडा होता. ज्यांची सचिवांच्या दालनात सहज ये-जा असते, त्यांना अग्रलेखाची गरज क्वचितच पडते.

न्यूयॉर्कमधील जनसंपर्क संस्था आयोगाविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन व्यावसायिक पत्रकार व संपादक मंडळांशी होणारा संवाद लॉबिंगच्या व्याख्येतून वगळण्यात आला. हे योग्यच झाले.

म्हणून लॉबिंगवर नियंत्रण नकोच, असे मात्र मी मुळीच म्हणणार नाही. वॉलमार्टने अमेरिकी सिनेटकडे सादर केलेल्या लॉबिंगच्या विवरणपत्रांत भारतीय बाजारपेठेतील प्रवेशाचा विषय नोंदलेला होता आणि त्यावरून डिसेंबर २०१२ मध्ये आपल्या संसदेत गदारोळ झाला. तेथे विवरण देण्याची कायदेशीर सक्ती होती, म्हणूनच येथे प्रश्न विचारता आला, ही गोष्ट मला फार बोचते. आपल्याकडे लॉबिंगचा स्वतंत्र कायदा आजही नाही. तत्कालीन खासदार कलिकेश सिंहदेव यांचे २०१३ चे खासगी विधेयकही कायद्यात उतरले नाही.

असा कायदा झाला, तर मोबदला घेऊन मंत्र्यांना किंवा सचिवांना भेटणाऱ्या प्रत्येकाचे नाव, त्याचा अशील आणि भेटीचा विषय त्यात नोंदवला जावा आणि माझ्यासारख्यालाही त्यातून सूट मिळू नये. सहसंपादकांच्या टेबलावर पसरलेला तो नकाशा मात्र सरकारी नोंदवहीच्या बाहेरच राहावा.