उपळसरीचं प्रमाणपत्र: माझा अनुभव

औषधी वनस्पतींत किंवा मातीतल्या जिवाणूंत उपयोगी घटक शोधायचं काम हाती घेणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं एकच आहे: प्रयोगशाळेत शिरण्याआधी झाडाची फुलासकट फांदी दाबून ठेवा. झाडाच्या ओळखीच्या प्रमाणपत्राच्या एका कागदाने मला जितकं रखडवलं तितकं कुठल्याच प्रयोगाने रखडवलं नाही, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

माझा विषय उपळसरी, म्हणजे अनंतमूळ. मुळीचा अर्क आणि त्याच मुळीभोवतीच्या मातीतले अ‍ॅक्टिनोमायसीट (बुरशीसारखे तंतू करणारे जिवाणू), दोन्ही रोगजंतूंवर किती चालतात ते पाहायचं होतं. मातीचं काम झरझर झालं. सावलीत वाळवली, मग थोडी तापवली, कारण त्याने भराभर वाढणारे बाकीचे जिवाणू कमी होतात. स्टार्च-केसिन अगारवर, म्हणजे हे जिवाणू वाढवायच्या थरावर, खडूच्या भुकटीसारख्या वसाहती उगवल्या. प्लेटला पहिल्या पावसाचा वास येत होता, कारण तो वास देणारं जिओस्मिन हेच जीव बनवतात. वसाहत वेगळी केली, डीएनए काढून जिवाणूची ओळख पटवणाऱ्या १६एस जनुकाच्या क्रमवाचनासाठी कुरिअरने पाठवला, ईमेलवर उत्तर आलं. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाची ओळख इतक्या सहज पटली.

उपळसरीची मात्र पटेना. गाईडनी बजावलं होतं, की व्हाउचर नंबर, म्हणजे ओळख पटवून दाबलेल्या नमुन्याला दिलेला क्रमांक, आल्याशिवाय पेपर पाठवायचा नाही. ते बरोबरच होतं. शंखपुष्पी म्हणून आपल्याकडे निरनिराळ्या चार वनस्पती वापरात आहेत. अशोकाच्या नावाखाली बागेतला उंच आसूपालव खपतो. सारिवेचेही, म्हणजे उपळसरीचेही, श्वेत आणि कृष्ण असे दोन प्रकार, आणि कृष्ण सारिवा म्हणून जी वेल विकली जाते ती वेगळ्याच प्रजातीची. चीक दोघींना, वेली दोघी. ओळख चुकली तर पुढचं सगळं संशोधन भलत्याच झाडाचं ठरतं. म्हणून नियमावर माझा राग नाही.

राग आहे तो प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयाच्या पद्धतीवर. पहिल्या खेपेला सांगितलं, फूल नाही, शीट (कागदावर लावलेला दाबलेला नमुना) चालणार नाही. मान्य. उपळसरीची फुलं इवलीशी, पानांच्या बेचक्यात, बाहेरून हिरवट आणि आतून जांभळट. ती मिळेपर्यंत थांबले. फुलांची शीट नेली तर विभागप्रमुखांचं पत्र हवं. पत्र नेलं तर त्यावर जावक क्रमांक नाही. क्रमांक टाकून नेला तर लेबलवर गोळा केल्याची तारीख आहे, पण उंची आणि अधिवास नाही. मग ओळख पटवणारे साहेब फिल्डवर. ते परत आले, तेव्हा पैसे भरायची खिडकी बंद झाली होती. या सगळ्या अटी पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून देता आल्या नसत्या का? एका खेपेला एकच हरकत, ही वागणूक माझ्या मनातून जात नाही. बाहेरगावहून एसटीने येणाऱ्या मुलींचा अख्खा दिवस त्यात जातो, फेलोशिपची मुदतही सरत राहते.

शेवटी त्या शास्त्रज्ञांनी शीट भिंगाखाली धरली, फूल पाहिलं, पानाची मधली शीर पाहिली, जुन्या शीटशी ताडून बघितली आणि नाव लिहिलं. प्रत्यक्ष काम एवढंच होतं. नंबर हातात आला तेव्हा मी पायरीवर बसून घरी फोन केला.

तुम्ही जाल तेव्हा एकाच झाडाच्या तीन-चार शीट करा, एक स्वतःकडे ठेवा. वर्तमानपत्राचे कागद रोज बदला, नाहीतर बुरशी येते. फुलाचा रंग जागीच लिहून घ्या, वाळल्यावर तो ओळखू येत नाही. अटी फोनवर न विचारता ईमेलवर विचारा, म्हणजे लेखी राहतात.

आणखी एक: मुळी ओव्हनमध्ये जास्त तापवू नका. तिचा सुगंध २-हायड्रॉक्सी-४-मेथॉक्सीबेंझाल्डिहाइडचा, व्हॅनिलिनच्या सख्ख्या नात्यातला, आणि तो उडून जातो. झोन, म्हणजे अर्काच्या कागदी डिस्कभोवती रोगजंतू न वाढलेलं वर्तुळ, मोजताना नुसत्या द्रावकाची डिस्कही ठेवा, नाहीतर मिथेनॉलचा परिणाम अर्काच्या नावावर जाईल.

माझ्या नारिंगी वसाहतीने स्टॅफिलोकोकसवर मोठा झोन दिला होता. मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूचं वजन दाखवणाऱ्या आलेखात) १२५५च्या जवळ शिखर आलं: म्हणजे नवं काही नाही, जुनंच प्रतिजैविक अ‍ॅक्टिनोमायसिन, १९४० मध्येच वाक्समन आणि वुडरफ यांनी मिळवलेलं. म्हणून रंगीत वसाहत दिसली की घटक वेगळा करायचा कॉलम चालवण्याआधी मास करून घ्या. तरी मला अभिमान वाटला, कारण पद्धत खरी ठरली होती. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये हमायसिन हे बुरशीविरोधी औषध सापडलं तेही अशाच एका अ‍ॅक्टिनोमायसीटमधून, स्ट्रेप्टोमायसिसमधून, आणि त्या जातीच्या नावात पिंपरी आहे. सह्याद्रीची माती अजून पुष्कळ तपासायची बाकी आहे.

ज्या झाडाची शीट केली त्याच खेपेची थोडी वाळलेली मुळी बाटलीत बंद करून तिच्यावरही व्हाउचर नंबर लिहा. व्हायव्हाला परीक्षकांनी माझ्याकडे तीच मागितली.