पी०१७१ ची नोंदवही: ऑक्सिजन सेन्सर न बदलता

ओडोमीटर ८४,३१२
सिग्नलला थांबलो असताना पिवळा चेक इंजिन दिवा लागला. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) किंचित थरथर, पिकअप नेहमीसारखा. दिवा स्थिर होता म्हणून सावकाश चालवत घरी आणली. लुकलुकत असता तर बाजूला घेऊन इंजिनच बंद केलं असतं, कारण तेव्हा मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) इतका वाढलेला असतो की न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो कायमचा खराब होऊ शकतो.

संध्याकाळी स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला कोड वाचणारा ब्लूटूथ डोंगल लावला. कोड एकच: पी०१७१, बँक १ चं मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. चार सिलिंडर एका रांगेत असल्यामुळे बँक एकच आहे. कोड न पुसता आधी फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोष पकडला त्या क्षणाचे आकडे, उतरवून घेतली: ७६० आरपीएम, वेग शून्य, कूलंट ८८ अंश. म्हणजे दोष गरम इंजिनवर, आयडलला पकडला गेला. नवीन मंडळींना कळकळीने सांगतो, ही नोंद आधी घ्या. कोड पुसला की तीही जाते, आणि पुढच्या सगळ्या तपासाचा धागा तिच्यातच असतो.

ओडोमीटर ८४,३३०
गॅरेजमध्ये कोड वाचून लगेच सांगितलं, ऑक्सिजन सेन्सर बदलावा लागेल. मी थांबलो. मिश्रणात हवा जास्त आहे, हे सांगणाराच तो सेन्सर. तो खोटं बोलत असेलही, पण ते आधी तपासायला हवं. घरी थेट आलेख लावून पाहिला: झटक्यात रेस दिली की व्होल्टेज ०.८ च्या वर, पाय काढला की शून्याजवळ, आणि दोन्हीकडे विनाविलंब. सेन्सर ठीक होता.

मग फ्युएल ट्रिम. माझ्या मते या छंदातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा, हे प्रमाण सांभाळायला ईसीयू (इंजिनचा संगणक) इंधन सतत कमीजास्त करत असतो; ही टक्क्यांतली दुरुस्ती म्हणजेच ट्रिम. शॉर्ट टर्म म्हणजे या क्षणाची दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे अंगवळणी पडलेली. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास असावी. माझं वाचन:

आयडल: शॉर्ट +६, लाँग +१९.
२,५०० आरपीएमला स्थिर: शॉर्ट +१, लाँग +५.

आयडलला २५ टक्के जास्त इंधन आणि रेस दिल्यावर फक्त ६! आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरच्या पुढे कुठेतरी न मोजलेली हवा आत शिरत असली की असंच दिसतं. आयडलला इंजिन हवाच थोडी घेतं, त्यामुळे तेवढ्याशा फटीतली हवाही मोठा वाटा उचलते. रेस वाढली की एकूण हवा कितीतरी पट होते, फट मात्र तेवढीच राहते. पंप अशक्त असता किंवा फिल्टर तुंबला असता तर चित्र उलटं दिसलं असतं: आयडलला बरं आणि चढावर, लोडखाली ट्रिम वर चढत जाणारा.

थंड इंजिनवर सगळे होज हाताने चाचपले, क्लॅम्प आवळले. काही सापडलं नाही. गरम इंजिनवर क्लीनर फवारून फट शोधायची पद्धत मी वापरत नाही. तो द्रव पेट घेतो.

ओडोमीटर ८४,३७१
दुसऱ्या एका मेकॅनिकला विचारलं, ‘पार्ट काही बदलू नका, फक्त स्मोक टेस्ट करा आणि एका तासाची मजुरी घ्या, चालेल का?’ या टेस्टमध्ये इंजिनच्या हवेच्या मार्गात धूर सोडतात आणि तो कुठून बाहेर येतो ते पाहतात. ट्रिमचे आकडे दाखवल्यावर ते खुश झाले. कोड वाचणं आणि निदान करणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि निदानाचे पैसे वेगळे मागितले तर ते रास्तच आहेत. स्कॅनर मिनिटभरात कोड देतो. तो कशामुळे आला हे शोधायला यंत्र, वेळ आणि सवयीची नजर लागते.

दहा मिनिटांत मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्या) मागून धूर आला. पीसीव्ही होजच्या (इंजिनच्या पोटातली वाफ परत हवेच्या मार्गात नेणारी नळी) खालच्या वळणावर, बोट पोचत नाही तिथे, रबर चिरलं होतं. बाहेर काढून वाकवल्यावर चीर स्पष्ट उघडली. तासाची पूर्ण मजुरी दिली, होज मी स्वतः बसवला. निदानाची मजुरी आणि होज मिळूनही खर्च सेन्सरच्या किमतीपेक्षा कमी झाला.

ओडोमीटर ८४,५४०
कोड मुद्दाम पुसला नाही. पुसला असता तर रेडिनेस मॉनिटरही (गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्याच्या नोंदी) कोरे झाले असते आणि गाडीने स्वतःची परीक्षा स्वतः पास केलेली मला पाहायची होती. सलग तीन ड्राइव्ह सायकल (इंजिन सुरू करून, गाडी चालवून बंद करणं) दोष दिसला नाही की दिवा आपोआप विझतो. आज सकाळी विझला. आयडलला लाँग टर्म +१९ वरून +११, मग +४, आता +२. थरथर गेली.

जुना कोड आठवणीतून पुसला जायला ४० वॉर्मअप सायकल (थंड इंजिन सुरू होऊन नीट गरम होणं) लागतील. तोवर दर आठवड्याला आयडल आणि २,५०० चं वाचन या वहीत उतरवत राहीन. ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम होजही त्याच वयाचा आहे, येत्या रविवारी तो काढून, वाकवून बघणार आहे.